पाय घासायची वीट

२०२५ च्या एप्रिलमध्ये आत्याकडे गेलो होतो. ढोकीला उतरून पुढं काळीपिवळीनं गावात पोचेपर्यंत दुपार कलली होती आणि पोटरीपर्यंत पाय धुळीनं भरले होते. आत्या दारातच म्हणाली, "आधी पाय धू, मग च्या." न्हाणीतल्या शहाबादी फरशीवर बसलो, तांब्यानं पाणी ओतलं आणि कोपऱ्यातली पाय घासायची वीट उचलली. ही वीट मी लहानपणापासून बघत आलोय. पंजाएवढा तुकडा, कडा झिजून गोल झालेल्या, रंग तांबड्यापेक्षा राखेकडे झुकणारा. टाच घासताना ती ओल्या हातातून निसटली आणि भरलेल्या बादलीत पडली. मी कोपरापर्यंत हात घालून तळ चाचपू लागलो. तळाला काही लागेना. मग मनगटाला वरून काहीतरी हलकंच टेकलं. वीट पाण्यावर होती. बादलीच्या कडेकडेनं सावकाश फिरत होती, एखादं वाळकं पान फिरावं तशी.

"आत्या, ही वीट तरंगायलीय!"

"मग? तरंगतीच की ती," आत्या चुलीपाशीच बसून म्हणाली. "तेरची हाय."

तेरच्या तरंगत्या विटांबद्दल मी ऐकलं होतं, वाचलंही होतं. मातीत तूस कालवून भाजायची. भट्टीत तूस जळून जातो, त्याच्या जागी बारीक पोकळ्या राहतात आणि वीट पाण्याहून हलकी होते. तेरच्या जुन्या देवळांत अशा विटा आहेत हेही ठाऊक होतं. पण मी ज्या विटेनं चाळीस वर्षं टाचा घासल्या ती त्यातलीच असेल, हे कधी मनातसुद्धा आलं नव्हतं. चहा पिताना आत्यानं सहज सांगितलं. तिचं लग्न होऊन ती या घरात आली त्या सालाच्या उन्हाळ्यात मामांनी घराचं माळवद, म्हणजे मातीचं छप्पर, नव्यानं भरलं होतं. त्यासाठी तेरच्या बाजूनं पांढरीच्या गाड्या आणल्या होत्या. गाडी खाली करताना मातीत हा तुकडा निघाला. मामा फेकून देणार होते, पण तिच्या सासूबाईंनी उचलला आणि न्हाणीत ठेवला. बस, एवढीच गोष्ट. आत्याच्या दृष्टीनं तिच्यात सांगण्यासारखं काही नव्हतं. मी मात्र त्या रात्री पत्र्याखाली पडल्या पडल्या पांढरीच्या त्या गाड्यांचाच विचार करत राहिलो.

काळी आणि पांढरी. आमच्याकडं जमिनीचे हे दोनच रंग. पिकवते ती काळी, वसवते ती पांढरी. पिढ्यान्‌पिढ्या माणसं एका जागी राहिली, चुली पेटवल्या, राख टाकली, भिंती पडल्या, त्यावर नव्या उभ्या केल्या, की त्या जागेची माती राखट, भुसभुशीत, पांढरी होते. ती पाणी धरत नाही, भेगाळत नाही, म्हणून माळवदाला तीच हवी. आणि तेरसारख्या गावाला तर पांढरीच्या टेकड्याच आहेत. त्या टेकड्यांमध्ये काय आहे हे गाडी भरणाऱ्याला ठाऊक नसे असं नाही. खापरं निघत, मणी निघत, कधी एखादं नाणं निघे. पण पाऊस तोंडावर आलेला असे आणि घर गळत असे. म्हणजे तेरणेच्या काठच्या कितीतरी घरांतली माणसं दोन हजार वर्षांपूर्वीच्या तगर नावाच्या शहराची, म्हणजे जुन्या तेरची, माती डोक्यावर घेऊन झोपत होती. आत्याच्या घरी सुट्टीत आम्ही सगळी भावंडं त्याच माळवदावर गोधड्या टाकून चांदण्या मोजायचो. पाठीखाली तगर होतं.

दुसऱ्या दिवशी तेरला गेलो. याआधी गोरोबाकाकांच्या दर्शनाला गेलोय तेवढंच. वस्तुसंग्रहालय नीट असं कधी पाहिलं नव्हतं. रामलिंगप्पा लामतुरे या तेरच्याच माणसानं आयुष्यभर जमवलेला तो ऐवज. शेतात, ओढ्यात, पांढरीत सापडलेलं एकेक त्यांनी सांभाळलं, म्हणून ते आज काचेआड दिसतं. हस्तिदंताची ती छोटी स्त्रीमूर्ती तिथं आहे, जिच्यासारखी दूर इटलीत पॉम्पेईच्या राखेत सापडली. पण माझं लक्ष मातीच्या वस्तूंकडंच जात होतं. पांढऱ्याशुभ्र केओलिन मातीच्या, साच्यातून काढलेल्या बायका. त्यांच्या केसांचे अंबाडे, कानांतली जड कुंडलं. दिवे. रोमन नाण्यांवरून मातीतच उठवलेल्या चकत्या, गळ्यात घालायला भोक पाडलेल्या. खरं सोनं परवडत नसलेल्या कुणीतरी मातीचं सोनं करून घातलं होतं. त्या चकत्यांपुढून माझे पाय निघेनात. इसवी सनाच्या पहिल्या शतकातला एक ग्रीक व्यापारी, ज्याचं नाव कुणालाच माहीत नाही, समुद्रप्रवासाच्या आपल्या टिपणात लिहून गेला की पैठणहून पूर्वेला दहा दिवसांच्या वाटेवर तगर नावाचं फार मोठं शहर आहे; तिथून जाडंभरडं कापड आणि तऱ्हेतऱ्हेची मलमल गाड्यांत भरून, धड रस्ते नसलेल्या मुलखातून भडोचच्या बंदरावर येते. ते तगर म्हणजेच तेर, हे १९०१ मध्ये फ्लीट यांनी मांडलं. त्याआधी कितीतरी गावांवर तगरचा दावा लावून झाला होता. आणि कोकणातले शिलाहार राजे, तेरपासून इतक्या दूर राज्य करत असतानाही, स्वतःला 'तगरपुरवराधीश्वर' म्हणवून घेत राहिले. गाव सुटलं तरी गावाचं नाव लावायची आपली रीत किती जुनी आहे!

त्रिविक्रमाच्या देवळात गेलो तेव्हा बाहेर ऊन रणरणत होतं. मागच्या बाजूनं अर्धगोल असलेली ती विटांची वास्तू आधी बौद्धांचं चैत्य होती, मग विष्णूचं मंदिर झाली आणि अजून उभी आहे, आत दिवा आहे, फुलं आहेत. भिंतीच्या विटेवर मी तळहात टेकवला. आमच्या न्हाणीतल्या तुकड्याचा खरखरीतपणा हाताला ओळखीचा लागला. मला वाईट वाटलं की बरं वाटलं, ते अजून सांगता येत नाही. देवळात असती तर जिला हात जोडले असते तिच्यावर आम्ही पायांची घाण काढली. पण तिच्या जोडीच्या किती विटा रस्त्याच्या भरावात आणि जनावरांच्या गोठ्यात गेल्या असतील! हिला निदान रोज पाणी मिळालं, रोज माणसाचा हात लागला.

नदी तिथून जवळच. काठावर गेलो. एप्रिलमधली तेरणा म्हणजे काय असणार? मधोमध हिरवट डबकी, बाजूला वेड्या बाभळी, वाळू उपसलेल्या जागी उघडे पडलेले दगड. आत्याच्या गावात तेरणा हे नाव कुणी घेत नाही. "नदीला गेलती", "नदी आली", "नदी उतरली" एवढंच. नाव फक्त पुलावरच्या पाटीवर. तेरखेड्याकडच्या बालाघाटाच्या डोंगरात ती उगवते. हा डोंगर म्हणजे एक विलक्षण दुभाजक आहे. त्याच्या एका अंगाला पडलेला पाऊस सीनेत, भीमेत, कृष्णेत जातो. दुसऱ्या अंगाचा तेरणेत, मांजरेत, गोदावरीत. एकाच शिवारातल्या दोन बांधांच्या पाण्याची गाठ थेट समुद्रातच पडायची. आणि तेरणेची वाटही सरळ नाही. धाराशिव जिल्हा ओलांडून, उमरगा-लोहारा एका हाताला आणि औसा-निलंगा दुसऱ्या हाताला ठेवत ती औराद शहाजानीच्या मुलखात मांजरेला मिळते. मांजरा तिला घेऊन बिदरकडं उतरते, तेलंगणात शिरते, निजामसागराला टेकते आणि तिथून चक्क उत्तरेला वळून कंदकुर्तीला गोदावरीत पडते. उत्तरेच्या नदीला भेटण्यासाठी दक्षिणेला एवढा वळसा! सासरच्या वाटेवर सगळी नातीगोती करत जाणाऱ्या बाईसारखी ती मला नेहमी वाटते.

लहानपणी आम्ही तिच्यात पोहायला शिकलो असं लिहायला मला आवडलं असतं. पण खरं तसं नाही. आम्ही तिच्यात खेळलो ते चिखलात. श्रावणात पोळ्याच्या आधी दरडीची चिकणमाती काढून आणायची, मळून मळून लोण्यासारखी करायची आणि बैल करायचे. ती माती बोटांच्या पेरांत अशी बसायची की दोन दिवस हाताला नदीचा वास यायचा. शेवाळ, शंख-शिंपले आणि ऊन मिळून होतो तो वास. संक्रांतीला सुगडी त्याच मातीची. येळवशीला, म्हणजे वेळ अमावस्येला, डोक्यावर आंबिलाची बिंदगी घेऊन आत्या पुढं चालायची आणि आम्ही मागं; मातीच्या त्या बिंदगीतल्या आंबिलाला जी चव असायची ती स्टीलच्या घागरीत कधीच उतरली नाही. नदीला पाणी चार महिने, माती बारा महिने. उन्हाळ्यात पात्रात झिरे खोदून बायका वाटीवाटीनं पाणी भरायच्या, तेव्हाही कडेला कुंभाराची गाढवं मातीच्या गोण्या वाहत असायची. आम्ही तिच्याकडं सतत पाणी मागत राहिलो. तिनं ते दिलं-न दिलं. माती मात्र तिनं न मागता दिली, आणि त्याची मोजदाद कुणी ठेवली नाही.

गोरोबाकाकांची गोष्ट आजी सांगायची तेव्हा मी कान झाकायचो. विठ्ठलाच्या नामात रंगलेला कुंभार, पायाखाली चिखल, आणि त्या चिखलात रांगत आलेलं त्याचं पोर. आजी पुढचं सांगायची, की देवानं लेकरू परत दिलं, सगळं गोड झालं. पण मला ते गोड झालेलं आठवायचंच नाही. मला फक्त पाय आठवायचे. एक वर्ष तर मी बैलांसाठी माती तुडवायला तयार झालो नव्हतो, हातानंच मळली. त्याच गोरोबाकाकांनी थापटण्यानं संतांची डोकी ठोकून कच्चं मडकं कोणतं ते सांगितलं, ही गोष्ट सगळ्यांना आवडते. मलाही मोठेपणी तीच सांगावीशी वाटते. तरी चैत्रात तेरला समाधीपुढं उभा राहिलो की पहिलीच वर येते. माती जीव घडवते तशी घेतेही, हे आमच्या नदीकाठच्या संतानं स्वतःच्या पायानं अनुभवलं होतं, असं काहीतरी तेव्हा पोटात कालवतं.

३० सप्टेंबर १९९३.

आदल्या दिवशी गणपती बुडवून गावंच्या गावं दमून झोपली होती. पहाटे चारला चार-पाच मिनिटं कमी असताना किल्लारी हादरली. आत्याचं गाव तिथून बरंच वर, नदीच्या उगमाच्या अंगाला. तिथं भिंतींना तडे गेले, उतरंडी कोसळल्या, माणसं वाचली. किल्लारी-सास्तूरच्या पट्ट्यात तसं झालं नाही. सरकारी आकड्यानुसार ७,९२८ माणसं गेली. भूकंप काही फार मोठ्या ताकदीचा नव्हता, पण दगड-मातीच्या दोन-दोन हात रुंद भिंती आणि त्यावर फूट-दोन फूट जाडीचं माळवद. उन्हाळ्यात गारवा देणारी, थंडीत ऊब देणारी ती माती झोपलेल्या माणसांवर आली. खाली माकणीला तेरणेवर धरण झालेलं होतं. काहींनी त्याच्याकडं बोट दाखवलं, त्यावर पुष्कळ वाद झाले. मी तेव्हा लहान होतो. वडील मदतीला गेले होते. ते चार दिवसांनी परत आले, अंगणातच कपडे उतरवले आणि आईला म्हणाले, हे धुऊ नको, टाकून दे. त्यांच्या केसांत, भुवयांत, कानांच्या पाळ्यांवर पांढरी माती बसली होती. त्यांनी त्यावर नंतर कधीच काही सांगितलं नाही आणि आम्ही विचारलं नाही.

त्या दिवाळीत मामांनी माळवद उतरवलं. एकट्या त्यांनीच नव्हे, निम्म्या गावानं. घमेल्या-घमेल्यानं माती खाली आली, तुळया आणि सरे अंगणात रचले गेले आणि वर पत्रे आले. ती सगळी माती गाडीत भरून शेतात नेऊन पसरली. पांढरी पिकाला चांगली म्हणून. आता मी हिशेब करतो तेव्हा गंमत नाही, गहिवर येतो. तेरणेनं वाहून आणलेला गाळ. त्याच्या विटा-खापरं झाली, शहर झालं. शहराची टेकडी झाली. टेकडीचं छप्पर झालं. छप्पर भीतीपोटी शेतात गेलं. आणि शेतातून दर पावसाळ्यात थोडंथोडं पुन्हा नदीत. त्या उलथापालथीत विटेचा तुकडा तेवढा न्हाणीत राहिला. पत्र्याखाली उन्हाळ्यात जीव भाजून निघतो. आत्या आजही म्हणते, "माळवदाची झोप ती झोपच येगळी." पण परत माती चढवायला ती तयार नाही.

नंतरची वर्षं पाण्याच्याच काळजीची. २०१६ च्या एप्रिलमध्ये मिरजेहून लातूरला रेल्वेनं पाणी गेलं. पहिल्या गाडीला १० वाघिणी होत्या, ५ लाख लिटर पाणी होतं. ती गाडी ढोकीवरूनच पुढं गेली. निसर्गानं डोंगराच्या पलीकडं ठेवलेलं कृष्णेचं पाणी रुळांवरून अलीकडं आलं. धाराशिवलाही उजनीचं, म्हणजे भीमेचंच पाणी पाइपातून येतं. त्या उन्हाळ्यात सगळे आकाशाकडं बघत असताना काही शेतकरी मात्र कोरड्या तलावांत उतरले होते, गाळ भरायला. ट्रॅक्टरच्या ट्रॉल्या रात्रंदिवस चालत. माळरानाच्या मुरमाड तुकड्यावर हातभर गाळ पडला की ते रान काळं दिसू लागे. पुढं २०१७ मध्ये सरकारनं त्याचीच योजना केली, 'गाळमुक्त धरण, गाळयुक्त शिवार'. पण आत्याच्या गावात त्याला कुणी योजना म्हणत नव्हतं. "नदीनं नेलेलं माघारी आणायलो," असं आत्याचा थोरला मुलगा म्हणाला होता.

तेरहून परतल्यावर मी आत्यापाशी विषय काढला. म्हटलं, ही वीट संग्रहालयात देऊ या. तिनं आधी ऐकूनच घेतलं नाही. मग म्हणाली, "त्यांच्याकडं कमी हाईत व्हय विटा?" मी म्हटलं, तसं नाही, ही दोन हजार वर्षांची असू शकते. ती थोडा वेळ गप्प बसली. मग म्हणाली, "माझ्या सासूबाईंनं ठिवल्याली हाय. त्या गेल्या, तुझं मामा गेलं, पोरी नांदाया गेल्या. सगळ्यांचं पाय हिनंच घासल्यात." त्यावर मला बोलता येईना. तुकडा काचेआड गेला असता तर त्याच्यापुढच्या पाटीवर काय लिहिलं असतं? सातवाहनकालीन वीट, तेर. तिच्यावर झिजलेल्या टाचा कुणी लिहिल्या नसत्या. आणि तरीही मला वाटत होतं की ती तिथंच असायला हवी. दोन्ही खरं होतं. मी वीट न्हाणीत परत ठेवली आणि पुण्याला आलो.

सप्टेंबरात मराठवाड्यात पाऊस थांबेचना. रोज बातम्यांत आमचेच तालुके. फोन लागला तेव्हा आत्याचा आवाज बसलेला होता. नदी रात्री आली होती, मागच्या परसातून. घरातली माणसं शाळेत जाऊन राहिली, जनावरं आधीच वर हलवली होती. सोयाबीन पाण्यात, कडब्याची गंज वाहून गेली. नदीकाठचं रान तर असं खरडलं होतं की खालचा मुरूम उघडा पडला. पिढ्यांनी कमावलेली काळी माती एका रात्रीत गेली. ती एकेक सांगत होती आणि मी नुसता हं म्हणत होतो. शेवटी म्हणाली, "न्हाणीत कंबरभर पाणी होतं बघ. पाटा हाय, वरवंटा हाय, दगड सगळं जागच्या जागी हाईत. वीट तेवढी गेली." थोडं थांबून म्हणाली, "तरंगत गेली आसंल."

दिवाळीत गेलो. भिंतीवर पुराची रेघ अजून होती, माझ्या कमरेच्या थोडी वर. परसातला गाळ काढून एका कोपऱ्यात ढीग लावला होता, वाळून त्याची ढेपळं झाली होती. सून म्हणत होती, टाकून देऊ. आत्यानं त्यातलं दोन घमेली बाजूला काढून भिजत घातलं होतं. जुनी चूल पुरात विरघळली होती, तिला नवी घालायची होती. ती उकिडवी बसून माती मळत होती. मधेच थांबायची, चिमूट दोन बोटांत चोळून बघायची आणि पुन्हा पाणी शिंपडायची. मी शेजारी बसलो, बाह्या वर केल्या. "तूस घालू का?" मी विचारलं. तिनं मान हलवली आणि कोपऱ्यातली टोपली दाखवली. मी मूठभर भुसा घेतला, गाळावर भुरभुरला, आणि दोघंही मळू लागलो.